पुनर्संमती

तासगावच्या नेत्रमित्र मंडळाचा फोन शेवटचा वाजला तो २०३८ च्या ऑगस्टमध्ये, आणि तोही चुकून लागलेला. कुणाला तरी पाण्याचा टँकर हवा होता. निवृत्ती कुंभार यांनी टँकरवाल्याचा नंबर शोधून दिला. त्याच आठवड्यात त्यांनी मंडळाचं कपाट रिकामं केलं आणि खोलीची किल्ली नगरपरिषदेला परत केली.

निवृत्ती एसटीच्या तासगाव आगारात वाहतूक नियंत्रक होते. नोकरी सांभाळून आणि नंतर निवृत्त झाल्यावरही, मिळून सत्तावीस वर्षं, त्यांनी हे काम केलं होतं. काम सांगायला सोपं होतं. तालुक्यात कुणी वारलं की सहा तासांच्या आत त्या घरी पोचायचं आणि गेलेल्या माणसाचे डोळे मागायचे. फोनवरच सांगायचं, पंखा बंद करा, डोक्याखाली दोन उश्या द्या, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. मग मोटारसायकल काढायची. घरात शिरल्यावर कुणाशी बोलायचं हे तिथं ठरवायचं. बहुतेक वेळा जो माणूस आल्यागेल्याच्या पाण्याचं बघत असतो, त्याच्याशी. विनंती एकदाच करायची आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. 'नको' म्हणाले तर हात जोडून निघायचं. सत्तावीस वर्षांत सहाशेहून जास्त घरांत त्यांनी असं विचारलं. दोनशे चार घरांनी होकार दिला.

मंडळ बंद पडलं ते लोकांचा उत्साह संपला म्हणून नव्हे. गरजच संपली होती.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, जेमतेम तीन-चार लाख पेशींचा. पडद्यात झिरपणारं पाणी सतत बाहेर उपसत राहणं, एवढंच त्यांचं काम. त्या कमी झाल्या की पडदा पाण्यानं फुगतो आणि धुरकट होतो, आणि जन्मानंतर शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. कुणाच्या वयानं जातात, कुणाच्या मोतीबिंदूच्या बिघडलेल्या शस्त्रक्रियेत, कुणाच्या आनुवंशिक दोषानं. पूर्वी यावर एकच उपाय होता, मेलेल्या माणसाचं पारपटल. एका दात्याचे दोन डोळे, म्हणून दोन रुग्ण. पुढं परदेशात या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला सुरुवात झाली. मिरजेच्या कृष्णाकाठ नेत्रपेशी संस्थेत डॉ. फरीदा मुजावर यांनी असं पोषकद्रव्य शोधलं की त्यात लहान मुलांच्या आणि तरुणांच्या पेशी आपला षटकोनी आकार न सोडता चाळीस-चाळीस वेळा दुप्पट होत. वाढवलेल्या पेशींचा एक थेंब सुईनं डोळ्यात सोडायचा, रुग्णाला तीन तास पालथं झोपवायचं. पेशी आपल्या वजनानं खाली उतरून पडद्याला चिकटत आणि कामाला लागत. टाके नाहीत, कलम नाही. जखमेचे पांढरे डाग पडलेल्या डोळ्यांसाठी कृत्रिम पडदे आधीच निघाले होते.

संस्थेनं एकेचाळीस दात्यांच्या पेशी वाढवून पाहिल्या. चाळिसांच्या कुठंतरी बिघडल्या. एकीच्या बिघडल्या नाहीत. त्या वाणाला 'मिरज-सात' असं नाव पडलं. दहा वर्षांत मिरज-सातनं चौदा हजार तीनशे सहा डोळे उघडले. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांतच मेलेल्या माणसांच्या घरी जायचं कारण कुणालाच उरलं नाही.

*

डॉ. मुजावर २०४३ च्या मार्चमध्ये स्वतः गाडी चालवत निवृत्तींच्या घरी आल्या. सकाळचे अकरा वाजले होते. निवृत्तींच्या पत्नी मालन आतल्या खोलीत हेअर ड्रायर हातभर लांब धरून त्याची गरम हवा उघड्या डोळ्यांवर घेत होत्या. त्यांना पारपटलाच्या पेशी कमी होण्याचा तोच आजार होता, आईकडून आलेला. रात्रभर पापण्या मिटलेल्या राहिल्यानं पडदा फुगायचा, त्यामुळं सकाळी त्यांना धुकं दिसायचं आणि दुपारपर्यंत ते थोडं विरायचं. त्यांनी धान्य निवडणं, पोस्टात जाणं, सगळी कामं तीननंतरची करून टाकली होती. मिरजेच्या प्रतीक्षायादीत त्यांचा क्रमांक तीनशे एकाहत्तर होता. पावसाळ्यापर्यंत नंबर लागेल असं सांगितलं होतं.

"कुंभारकाका, तासगावात सारिका एडके म्हणून बाई आहेत. आठवतात?" डॉक्टरांनी विचारलं.

निवृत्तींना आठवत होत्या. फेब्रुवारी २०३३. सायकलवरून पडून डोक्याला मार लागलेली नऊ वर्षांची मुलगी. तनिष्का. तीन दिवस सांगलीच्या दवाखान्यात होती.

"मिरज-सात म्हणजे ती," डॉक्टर म्हणाल्या.

आत ड्रायर बंद झाला.

डॉक्टरांनी बाकीचं थोडक्यात सांगितलं. पाच वर्षांपूर्वी पुनर्संमती कायदा झाला होता. दात्याच्या पेशी दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत ठेवायच्या असतील, तर जवळच्या नातेवाइकाला सगळं सांगून पुन्हा विचारायचं. त्यांनी नकार दिला तर तीस दिवसांत मूळ साठा नष्ट करायचा. सारिकाताईंचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता, त्यामुळं सही त्यांच्या एकटीची. आणि दुसरी अडचण अशी की मिरज-सातच्या पेशी आता थकत आल्या होत्या. पुढं चालवायच्या तर त्यांच्या जनुकांत एक बदल करून तो वाण कायमचा करावा लागणार होता. कायम करा नाहीतर नष्ट करा, कायद्यात मधला मार्ग नव्हता.

"दुसरा वाण?"

"नाही. हा इतका चांगला चालला की आम्ही दुसऱ्याकडं बघितलंच नाही. चूक आमची आहे. आज नव्यानं सुरू केलं तरी परवानग्यांसकट दोन वर्षं जातील. आमचे जनसंपर्काचे लोक दोनदा त्यांच्याकडं जाऊन आले. त्या म्हणाल्या, ज्यांनी नेले त्यांनाच पाठवा."

निवृत्तींनी मान हलवली. डॉक्टर उठल्या आणि दारात थांबल्या. "काकूंचा नंबर तुम्हाला माहीत आहे. ते तिथं सांगायचं की नाही, हे मी तुमच्यावर सोडते."

*

सारिका एडके बेदाण्याच्या प्रतवारी केंद्रात मुकादम होत्या. यंत्राचे कॅमेरे रंग आणि आकार पाहून बेदाणा वेगळा करत; शेवटच्या पट्ट्यावर मात्र अजूनही बारा बायका बसत आणि यंत्राच्या नजरेतून सुटलेली काडी नि खडे वेचत. निवृत्ती आले तशा त्या पट्टा दुसरीच्या हवाली करून बाहेर आल्या. वय शेहेचाळीसच्या आसपास, केसांवर बांधलेला रुमाल, हाताला गंधकाचा वास.

"बसा काका," रिकाम्या क्रेटकडे बोट करत त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय?"

विसरण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्ती प्रत्येक घरी तेच म्हणत. "दोन माणसांना दिसेल, असं म्हणालो होतो."

"दोन. दहा वर्षं मी दोन माणसं धरून चालले. एक म्हातारी आणि एक रिक्षावाला. का ते माहीत नाही, अशीच डोळ्यांपुढं आली. बाजारात एखादी म्हातारी वांगं उलटंपालटं करून बघताना दिसली की वाटायचं, हीच असंल. तेवढ्यावर माझं चाललं होतं. आता पत्रात चौदा हजार लिहिलंय. एवढी माणसं मी कुठं ठेवू?"

"तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं, ताई."

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही." त्यांनी रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. "ते गाडीतून आलेले लोक म्हणाले, तुमची मुलगी अमर आहे. मी त्यांना उठवलं. मी तिचा तेरावा घातलाय. वर्षश्राद्ध घातलंय. तिचे बापू गेले तेव्हा म्हटलं, चला, तिच्याकडं गेले. आणि आता म्हणताय ती मिरजेत कपाटात वाढतीय?"

"ती नाही. तिच्या डोळ्यातल्या पेशी."

"हा फरक तुम्हाला कळतो?"

निवृत्तींनी प्रामाणिकपणे विचार केला. "बोलताना कळतो. एरवी नीट नाही."

या उत्तरानं सारिकाताई थोड्या सैलावल्या. त्यांनी आतून चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "सही करायची का नाही ते मग बघू. आधी मला दाखवा."

*

"सांगितलंत का तिला?" त्या संध्याकाळी मालननं विचारलं.

"काय?"

"मी यादीत आहे ते."

"नाही."

मालन कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिनं तसाच मांडीवर ठेवला. "का बरं?"

निवृत्तींनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. सत्तावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही घरी गरजू माणसाचं नाव सांगितलं नव्हतं, चेहरा दाखवला नव्हता. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्यापुढं आपली गरज मांडली की त्याला 'नाही' म्हणता येत नाही. आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला अर्थ नाही.

"तत्त्व तुमचं," मालन म्हणाली, "आणि डोळे माझे."

मालननं टॉवेलची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. एवढं झाल्यावर ती म्हणाली, "ती करेल की सही. बाई माणूस आहे, आई आहे. करेल." तिनं हे स्वतःला सांगितलं की नवऱ्याला, ते कळलं नाही.

*

मिरजेला निवृत्तींनी सारिकाताईंना भाड्याच्या गाडीतून नेलं. संस्थेत त्यांना पांढरा अंगरखा, टोपी आणि पायात कापडी पिशव्या घालायला लावल्या. डॉ. मुजावरांनी उबवणीयंत्राचं दार उघडून तळहाताएवढी एक सपाट बाटली काढली. आत गुलाबी पाणी होतं, दुसरं काहीच दिसत नव्हतं. डॉक्टरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पडद्यावर चित्र आलं. सहा कोनांच्या फरश्या, एकीला एक चिकटून, कुठंही फट नाही, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सारिकाताई बराच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरांनी घाई केली नाही.

"ह्या तिच्याच कशावरून?"

"प्रत्येक पेशीत आईची निम्मी आणि बापाची निम्मी खूण असते. तुमच्या रक्ताशी ताडून दाखवू शकते."

"नको." त्यांनी पडद्याच्या काचेला बोट लावलं आणि काढून घेतलं. "ह्यांना काही कळतं का? दुखतं?"

"नाही. कळायला मेंदू लागतो. ह्या फक्त पाणी उपसतात."

"आणि सही केली की कायम होणार."

"हो."

"कायम म्हणजे किती?"

डॉक्टरांना गोड बोलता आलं असतं. "त्याला शेवट नाही," त्या म्हणाल्या. "जोवर कुणीतरी खायला घालतंय तोवर. शंभर वर्षं, दोनशे वर्षं. पुढं दुसऱ्या देशांनाही देऊ."

"माझ्यानंतर कुणाला विचारणार?"

"कायम केल्यावर विचारावं लागत नाही. कायदा तसा आहे."

"म्हणजे पुरे असं म्हणणारं शेवटचं माणूस मी."

"हो."

सारिकाताई स्टुलावर बसल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती काढायची नसते हे कुणी त्यांना सांगितलं नाही. "डॉक्टर, तुम्ही चांगलं काम केलंय. चौदा हजार लोकांचं भलं झालं, मला वाईट वाटत नाही. पण माझी पोर नऊ वर्षांची होती. तिनं कुणाला हो म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, आणि मी दोघांसाठी म्हटलं. आता मी गेल्यावर तिचं जगात कुणी नसताना तिला असं अखंड कामाला लावून जायचं, हे मला जमणार नाही. मला तिला एकदा पुरती जाऊ द्यायचीय." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "तयार किती आहे?"

"गोठवून ठेवलेले दोनशे बारा डोस आहेत."

"ते द्या लोकांना. बाकीचं थांबवा."

परतीच्या वाटेवर कवठे एकंदजवळ गाडी चार्जिंगला थांबली. निवृत्ती बाहेर उभे राहिले. दोनशे बारा आणि तीनशे एकाहत्तर. मधले एकशे एकोणसाठ. सारिकाताई गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या. काच खाली होती. एका वाक्याचं काम होतं. निवृत्तींनी ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा. मग चार्जिंगवाल्यानं हाक मारली आणि ते गाडीत जाऊन बसले.

*

मे महिन्यात दोन सरकारी साक्षीदारांसमोर मिरज-सातचा मूळ साठा नष्ट करण्यात आला. प्रतीक्षायादीतले नऊ हजार लोक थांबले. जुन्या पद्धतीनं कलम करायचं तर ना नेत्रपेढी उरली होती, ना तो सराव असलेले डॉक्टर. वर्तमानपत्रांनी सारिका एडकेचं नाव छापलं नाही, पण तासगावात ते आठवड्यात सगळ्यांना कळलं. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. दुकानात ती आली की बोलणं थांबायचं, एवढंच.

मालनचे डोळे कायमचे जाणार नव्हते असं डॉक्टर म्हणत. नवा वाण तयार झाला की धुकं हटेल. पण फुगलेल्या पडद्यावर फोड येतात, ते फुटतात, आणि तसं वर्ष-दोन वर्षं चाललं की व्रण राहतो. जूनमध्ये तिच्या उजव्या डोळ्यात पहिला फोड फुटला. त्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ड्रायरचा उपयोग आता होत नव्हता. चारला, पाचलाही धुकं तसंच असायचं. ती नवऱ्याशी बोलायची, वाढलेलं जेवायची, औषध घालून घ्यायची. फक्त त्याला हाक मारणं तिनं बंद केलं. काही हवं असलं की हातानं चाचपत स्वतः उठायची.

निवृत्तींनी केलं ते बरोबर होतं, असं त्यांना सकाळी वाटायचं. संध्याकाळपर्यंत तशी खात्री राहायची नाही.

सप्टेंबरात एका दुपारी सारिकाताई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. केंद्रातल्या एका बाईनं काम करता करता त्यांना ऐकवलं होतं, कुंभारकाकांची बायको तुझ्यापायी आंधळी झाली.

"खरं आहे?"

निवृत्तींनी आत बोट दाखवलं. मालन कॉटवर बसली होती. तिनं आवाजाकडं चेहरा वळवला.

"तुम्ही माझ्यासमोर चहा प्यालात," सारिकाताई निवृत्तींना म्हणाल्या. "मिरजेला जाऊन-येऊन चार तास माझ्यासोबत होता. एक शब्द बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही सही केली असती."

"केली असती."

"म्हणूनच."

"ऐकलंस?" मालन म्हणाली. बरेच महिने तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "असा माणूस आहे. तू परकी, तुला 'नाही' म्हणायची मोकळीक दिली. मला विचारलं का? नाही. मी घरची ना."

निवृत्तींनी हे आधी कधी असं ऐकलं नव्हतं. ते खाली बसले. "तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "ते चुकलं."

मालन पाणी हवंय असं म्हणाली आणि त्यांनी आणून दिलेला तांब्या घेतला.

"आता केली सही तर?" सारिकाताईंनी विचारलं.

"आता काही उरलं नाही. नवे दाते हवेत. तरुण. डॉक्टर म्हणतात या वेळी एकावर अवलंबून राहायचं नाही, सात-आठ वाण एकदम वाढवायचे. पण घरी जाऊन मागायला माणसं नाहीत. मंडळातले दोघं गेले, एकाला चालवत नाही. मी एकटाच फिरतोय. ऑगस्टपासून पाच घरी गेलो, पाचही घरांनी नको म्हटलं. तुमची गोष्ट त्यांना माहीत असते. ते विचारतात, आम्हालाही दहा वर्षांनी असं पत्र येणार का?"

"काय सांगता?"

"सांगायला मला येत नाही."

सारिकाताई मालनकडं बघत होत्या. "पुढच्या घरी मला घेऊन चला," त्या म्हणाल्या.

*

ते घर मिळालं जानेवारीत, मणेराजुरीला. सव्वीस वर्षांचा वायरमन खांबावरून पडून गेला होता. दुपारचे दोन वाजले होते. अंगणात माणसं बसली होती. आत त्याची बायको प्रियांका भिंतीला टेकून होती, रडून कोरडी झालेली. निवृत्तींनी सवयीनं आल्यागेल्याला पाणी देणारा माणूस शोधला. सारिकाताई थांबल्या नाहीत. सरळ जाऊन त्या प्रियांकाजवळ जमिनीवर बसल्या.

"मी सारिका एडके. बेदाण्याची. नाव ऐकलं असशील."

मुलीनं मान वर केली. तिनं ऐकलं होतं.

"आम्ही डोळे मागायला आलोय. मागायच्या आधी सगळं सांगते. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. किती लोकांना दिसेल ते आज कुणी सांगू शकत नाही. एकालाही नसेल, कदाचित वीस हजारांना. त्याच्या पेशी वाढत राहतील. तू पुढं लग्न करशील, तुला लेकरं होतील, तरी त्या वाढत असतील. दहा वर्षांनी तुला पत्र येईल. तेव्हा तुला पुन्हा हा दिवस आठवावा लागेल. तुला 'थांबवा' म्हणता येईल. मी म्हटलं. त्यानं काही लोकांचे डोळे जातील, त्यातलं कुणीतरी तुझ्या ओळखीचं असेल, आणि त्याच्या घरी तुला जावं लागेल. हे सगळं असं आहे. आता तुला नको वाटत असेल तर नको म्हण. आम्ही उठू आणि मनात काही ठेवणार नाही."

निवृत्तींना वाटलं, संपलं. इतकं ऐकून कुणी होकार देत नसतं.

प्रियांकानं अंगणात बसलेल्या माणसांकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "पत्र आल्यावर तुम्ही याल?"

"जिवंत असले तर येईन."

"मग घ्या," ती म्हणाली.

पुढच्या आठ महिन्यांत दोघं मिळून तेवीस घरी गेले. अकरा घरांनी होकार दिला. हे प्रमाण निवृत्तींच्या जुन्या वहीतल्या कुठल्याही वर्षापेक्षा चांगलं होतं. इतर तालुक्यांतली माणसं शिकायला येऊ लागली. सारिकाताई त्यांना फारसं काही शिकवत नसत. म्हणत, माहीत आहे तेवढं सगळं बोला आणि गप्प बसा.

अकरांपैकी नऊ जणांच्या पेशी बिघडल्या. दोघांच्या टिकल्या. त्या कुणाच्या, हे संस्थेनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

*

मालनचा नंबर २०४५ च्या ऑगस्टमध्ये लागला. उजव्या डोळ्यावर तोवर व्रण बसला होता. डॉक्टर म्हणाल्या, यात पेशी सोडून उपयोग नाही, पुढं कधी कृत्रिम पडदा बसवून बघू, पण इतके फोड फुटलेल्या डोळ्यात तो टिकतोच असं नाही, फार आशा धरू नका. डाव्या डोळ्यात थेंब सोडला आणि तिला अरुंद टेबलावर पालथं झोपवलं. टेबलाला चेहऱ्यापुरतं भोक होतं. तीन तास हलायचं नव्हतं.

दोन तास निवृत्ती शेजारी बसले. मग मालनच म्हणाली, "अहो, जाऊन जेवून या. साखर कमी होईल तुमची." ते गेले आणि त्यांच्या जागी सारिकाताई येऊन बसल्या.

मालनला खालची फरशी आणि एका बाईची पावलं, धुरकट, एवढंच दिसत होतं.

"सारिका का?"

"हो काकू."

"माझा उजवा डोळा तुझ्यामुळं गेला. हे मी विसरणार नाही."

"विसरू नका."

"तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे दोन वर्षं शोधतीय. सापडत नाही. काही दिवशी वाटतं सही केली असती. काही दिवशी नाही."

नर्स डोकावली, अजून एक तास, मान हलवू नका, म्हणून गेली.

"मान अवघडलीय," मालन म्हणाली. "बोल काहीतरी, म्हणजे वेळ जाईल."

"काय बोलू?"

"तुझ्या पोरीचं बोल. दोन वर्षं तिचं नाव ऐकतेय, डॉक्टरांच्या तोंडून, गावातल्या लोकांच्या. ती कशी होती ते कुणी मला सांगितलंच नाही."

खालची पावलं एकमेकांवर चढली आणि पुन्हा फरशीवर टेकली.

"उलट्या चपला घालायची," सारिकाताई म्हणाल्या. "डावी उजव्यात. मी किती वेळा बदलून दिल्या. म्हणायची, आई, राहू दे, मला अशाच बसतात. शाळेत जायची तशीच. धावायचीसुद्धा."

"पडायची नाही?"

"नाही. फार जोरात धावायची."

मालन हसली, आणि हलायचं नाही हे आठवून थांबली. "पुढं?" ती म्हणाली. सारिकाताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि पुढचं सांगायला लागल्या.